अकरा खांब, एक लिंब

सार्वजनिक बांधकामाचा खरा पाया म्हणजे एकमत. आणि एकमत हवं असेल तर बांधकामाचा फार आग्रह धरू नये. हे सत्य ओव्हरसियर महालिंगप्पांना त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात, मुरुम गावाच्या अलीकडच्या एका खेड्यात, डोक्याला टॉवेल बांधून नदीकाठी उभे असताना उमगलं. (नदी म्हणजे सरकारी नकाशातली निळी रेघ. जागेवर नुसती वाळू होती, आणि त्या वाळूत बाया झरे उकरत होत्या.)

या काठी उद्यान करायचं, असा सहकारी उद्यान मंडळीनं ठराव केला होता. झाडं पाऊस पडल्यावर लावायची. तोवर निदान एक मंडप असावा, आणि तो असा असावा की ट्रकवाल्यानं ब्रेक मारून विचारावं, "ओ, हे काय हाय?" एवढा पुढचा विचार तालुक्यात दुसऱ्या कुणी केला नव्हता.

नियोजित उद्यानात झाड एकच होतं, कडुलिंबाचं. त्याच्या फांदीला इरम्मानं लुगड्याची झोळी बांधली होती आणि झोळीत तिची तान्ही पोर झोपायची. इरम्मा शेजारीच दुष्काळी कामावर खडी फोडायची. ती महालिंगप्पांना म्हणाली, "आप्पा, काय बांधायचं ते बांधा. ह्या झाडाला तेवढं हात लावू नका. लेकराला दुसरी सावली न्हाय."

"न्हाय लावत, इरम्मा," महालिंगप्पा म्हणाले. बोलून गेले, आणि मग त्यांनी जीभ चावली. कारण शब्द देण्याचे अधिकार ओव्हरसियरला नसतात.

त्यांचा आराखडा साधा होता: चार खांब, वर पत्रे, खाली कट्टा. अध्यक्ष आण्णासाहेबांनी तो कौतुकानं पाहिला. "आप्पा, छान काढलंय. पण अकरा गावांचे संचालक अकरा आन् खांब चार? बाकीच्या सात गावांनी काय हवेला टेकायचं?"

हिशेब बिनतोड होता. खांब अकरा झाले, दर गावाला एक. मग ज्या गावचे सभासद जास्त (मयत धरून) त्या गावचा खांब उंच, हेही ओघानंच आलं. आण्णासाहेबांच्या गावचा खांब ताडासारखा वर गेला. संचालक बिभीषणरावांचं गाव लहान, त्यांच्या खांबावर उभ्या माणसाला कोपर टेकता आलं असतं.

"सायेब, छप्पर पार तिरकं होईल," महालिंगप्पा म्हणाले.

"होऊ द्या की! पाऊस कुठं पडायलाय?"

बिभीषणराव मात्र गालात हसत होते. ते हसणं एका संचालकाला खुपलं आणि एकदम सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला: छप्पर उतरतं, म्हणजे उद्या पाऊस पडला तर मंडपाचं सगळं पाणी बिभीषणरावांच्या खांबाशी जाणार! मग जो गोंधळ उठला, त्याला लोकशाहीत चर्चा म्हणतात. काल उंचीसाठी भांडलेले लोक आज आपला खांब खाली आणायला निघाले. आण्णासाहेबसुद्धा म्हणाले, "माझा जमिनीत गाडा." अखेर न पडलेल्या पावसाच्या न साचलेल्या पाण्यावर तोडगा निघाला. छप्पर एकमतानं रद्द झालं.

राहिला लिंब. त्याच्यामुळं रस्त्यावरून खांब झाकले जात होते, म्हणून तो तोडायचा ठरला. महालिंगप्पांना इरम्माचा चेहरा आठवला. आयुष्यात पहिल्यांदाच ते न विचारता सभेत बोलले, "सायेब, छप्पर न्हाय म्हणता, तर ह्यालाच छप्पर धरू. लिंब मधोमध ठेवायचा, खांब भोवती. ह्याची पानं समद्या गावांच्या डोक्यावर सारखी पडतात."

सभेत टाळ्या पडल्या. लिंब वाचला. महालिंगप्पांना इतका आनंद झाला की वाळू तुडवत ते स्वतः इरम्माला सांगायला गेले. "यप्पा! देव भलं करो तुमचं," ती म्हणाली, आणि तिनं पोरीचा मुका घेतला.

पण झाड आता झाड राहिलं नव्हतं, इमारतीचा भाग झालं होतं. इमारतीला झोळी टांगता येत नाही. उद्घाटनाआधी तिच्यात बसताही येत नाही, आणि नदीकाठच्या मंडपाचं उद्घाटन नदीला पाणी आल्याशिवाय शोभत नाही. अकरा खांबांना काटेरी तार गुंडाळली गेली. ती ताणून बसवण्याचं काम अर्थात ओव्हरसियरचं. इरम्मानं झोळी सोडली, पोरीला पदराखाली घेतलं आणि विचारलं, "आप्पा, झाड वाचवलंत ते कुणासाठी?" महालिंगप्पा तार ताणत राहिले.

आपणही मंडप बघायला जरूर या. आत जाता येणार नाही, पण बघणाऱ्यांसाठी समोर खास ओटा केला आहे. ओट्यावर ऊन असतं, मात्र तिथून सावली फार सुंदर दिसते. जवळच एक बाई पोर घेऊन उन्हात बसलेली असेल. तिला फार सांगावं लागत नाही. फोटो काढताना आपणच तिला "जरा बाजूला व्हा" म्हणाल, आणि ती होईल.