खैरनार भाऊजी सर्फिंगला निघतात

आमच्या घरी गणपतीची आरती सुरू झाली की प्रत्येकाच्या हातात काही ना काही असतं. कुणाकडे टाळ, कुणाकडे घंटा, कुणी नुसत्याच टाळ्या वाजवतं. समोरच्या फ्लॅटमधल्या खैरनार भाऊजींच्या हातात ओला टॉवेल असतो. पिळलेला, पण पुरेसा ओला. निरांजन आणि खिडकीचा पडदा यांच्या मधोमध ते उभे राहतात आणि आरती संपेपर्यंत त्यांची नजर ज्योतीवरून हलत नाही. बाप्पाचं दर्शन ते निरांजन शांत झाल्यावर घेतात.

इतक्या वर्षांत आमचा पडदा एकदाही पेटलेला नाही. हे मी एकदा त्यांना बोलून दाखवलं, तर म्हणाले, "वहिनी, कारण मी उभा असतो ना."



सुभाष खैरनार मूळचे नाशिककडचे, सटाण्याजवळच्या एका गावातले. इथे कुवेतमध्ये ते एका पेट्रोकेमिकल प्लांटवर सेफ्टी सुपरवायझर आहेत. म्हणजे काम दुसऱ्यांनी करायचं आणि त्यात काय काय वाईट घडू शकतं याचा विचार यांनी करायचा. प्लांटवर त्यांना या भीतीचा पगार मिळतो, आम्हा शेजाऱ्यांना ते ती फुकट वाटतात. आमची हवल्लीतली इमारत जुनी, लिफ्ट मनात आलं तर चालते. भाऊजी लिफ्टमध्ये शिरले की आधी अलार्मचं बटण दाबून बघतात. त्यामुळे खरोखर कुणी अडकलं तर खालचा हारिस, म्हणजे आमचा वॉचमन, निवांत चहा पीत बसतो. त्याला वाटतं खैरनारसाहेब घरी आले.

त्यांचा लाडका शब्द 'नियर मिस'. म्हणजे अपघात झाला नाही, पण होता होता राहिला. दूध उतू जाता जाता वाचलं की नियर मिस. जिन्यात माझी चप्पल सटकली आणि मी कठडा धरला, नियर मिस. त्यांचं लग्न ठरताना आधी शोभाच्या घरच्यांनी नकार कळवला होता, तोही त्यांच्या हिशेबात नियर मिसच. शोभा म्हणते, "नक्की कुणाचा, ते अजून सांगितलेलं नाही."

तर अशा माणसाच्या मुलीने एका शुक्रवारी काळ्या मसाल्याच्या मटणाचा रस्सा ताटात ओतून घेता घेता जाहीर केलं की या सुट्टीत आपण पोर्तुगालला सर्फ कॅम्पला जातोय. मी त्या दिवशी तिथेच जेवायला होते, म्हणून हे ऐकीव नाही.

गार्गी जन्मली इथेच. पुण्याला इंजिनिअरिंग केलं, आता परीक्षा संपवून आली होती आणि थोड्याच दिवसांत बंगळुरूला नोकरीवर रुजू व्हायची होती.

"सर्फ कॅम्प म्हणजे?" भाऊजींनी घास खाली ठेवला.

"बाबा, दे टीच यू. लाट आली की बोर्डवर उभं राहायचं."

"बोर्ड कशावर?"

"लाटेवर."

"आणि लाट कशावर?"

गार्गीने माझ्याकडे बघितलं. मी मटणाकडे बघितलं.

"म्हणजे पायाखाली काहीच नाही," भाऊजी म्हणाले.

शोभाची तक्रार वेगळीच होती. कॅम्पच्या जाहिरातीत 'भरपूर ऊन' असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. "ताई, कुवेतमधून माणसं ऑगस्टमध्ये ऊन बघायला जातात का हो?" पण लेकीपुढे तिचं काही चाललं नाही. ही बहुतेक आपली तिघांची शेवटची लांब सुट्टी, असं गार्गी म्हणाली आणि विषय मिटला. मला ती नंतर जिन्यात म्हणाली, "काकू, आय जस्ट वाँट की बाबा एकदा तरी पाण्यात उतरले पाहिजेत. आयुष्यभर काठावरच उभे असतात."

मग तयारी सुरू झाली. आमचा टीव्ही मोठा, म्हणून मीटिंगा आमच्या दिवाणखान्यात. भाऊजी कॅम्पचे व्हिडिओ लावायचे आणि मध्येच थांबवायचे. सोनेरी वाळू, निळं पाणी, हसणारी गोरी पोरं, यातलं काही त्यांना दिसत नसे. एका व्हिडिओत मागे लांब पाण्यात निळ्या टोपीतला एक माणूस होता. लाट आली, गेली, आणि माणूस दिसेना.

"हा कुठे गेला?" भाऊजी म्हणाले.

आम्ही व्हिडिओ मागे घेतला. माणूस होता. पुढे घेतला. नव्हता. माझा नवरा म्हणाला, कॅमेरा हलला असेल. भाऊजींनी पुन्हा मागे घेतला. कितव्यांदा तरी बघताना मीही सोफ्यावरून पुढे सरकले. त्या हसणाऱ्या पोरांच्या मागे एक माणूस नाहीसा होतोय आणि कुणी वळूनही बघत नाही. पुढचे दोन दिवस मला भांडी घासतानासुद्धा ती निळी टोपी दिसत होती. शेवटी भाऊजींनी कॅम्पला ईमेल केला. उत्तर आलं की तो आमचा स्वयंपाकी, जेवण बनवायची वेळ झाली म्हणून पाण्याबाहेर निघून गेला.

"बघा, सापडला," मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं.

"पण त्याने कुणाला सांगितलं का, की मी निघालो?" भाऊजींनी विचारलं.

पुढच्या ईमेलमध्ये त्यांनी विचारलं की तुमचा असेंब्ली पॉइंट कुठे, म्हणजे संकट आलं तर सगळ्यांनी जमायची जागा. उत्तर आलं, समुद्रकिनारा. त्यावर भाऊजींनी कळवलं की संकट समुद्राकडूनच येणार असेल तर जागा बदलावी. याचं उत्तर काही आलं नाही.

व्हिसाच्या दिवशीचा किस्सा शोभा अजून सांगते. खिडकीतल्या मुलीने सवयीने विचारलं, पोर्तुगालला कशासाठी जाताय? भाऊजी सरकारी खिडकीपुढे खोटं बोलत नाहीत. त्यांनी सांगितलं, "जायचं नाहीये." शोभाने मागून पुढे घुसून 'टुरिझम, टुरिझम' म्हणत वेळ मारून नेली. व्हिसा मिळाला. भाऊजींच्या मते हाही एक नियर मिसच.

आणि जायला आठवडा राहिला असताना शोभा आमच्याकडे तणतणत आली.

"ताई, यांनी स्वतःचं तिकीट रद्द केलं. मला म्हणतात प्लांटवर दुरुस्तीसाठी अर्जंट शटडाऊन निघालाय. पोरीचं तोंड बघवत नाही हो. रडत नाही, बोलत नाही, बॅग भरत बसलीय."

मला भयंकर राग आला. थट्टा मीही करते त्यांची, पण भित्रेपणालाही काही हद्द असते. संध्याकाळी मी जमइयात, म्हणजे आमच्या भागातल्या सहकारी भांडारात, भाजी घ्यायला गेले तर भाऊजी ट्रॉली घेऊन उभे. ट्रॉलीत सनक्रीमच्या बाटल्या, चार वेगवेगळ्या. पाठीमागची बारीक अक्षरं वाचत होते.

"भाऊजी, शटडाऊन आहे का खरंच?" मी सरळच विचारलं.

त्यांनी बाटली परत ठेवली. "नाही."

"मग घाबरलात?"

"हो," ते म्हणाले. "वहिनी, आमच्याकडे टाकीत माणूस उतरवतात साफसफाईला. तेव्हा तोंडाशी एक जण बसवतात. स्टँडबाय मॅन. त्याचं काम एवढंच, आतल्यावर लक्ष ठेवायचं, आवाज देत राहायचं. आतला बाहेर येईपर्यंत जागा सोडायची नाही. आणि आतला पडला तरी स्वतः आत जायचं नाही. शिट्टी मारायची, रेस्क्यूवाल्यांना बोलवायचं. कारण धावत आत जाणारा आतल्या वायूने हमखास मरतो, आणि मग त्याला काढायला तिसरा जातो."

"बरं."

"मी शिकवतो हे पोरांना. विचारतो, आत तुमचा सख्खा भाऊ असला तरी जाणार नाही ना? सगळे म्हणतात, नाही जाणार सर." त्यांनी ट्रॉलीचा दांडा घट्ट धरला होता. "मी जाईन, वहिनी. तिथे शिकताना पोरं पाण्याखाली जातात आणि वर येतात, व्हिडिओत मी बघितलंय ना. पण गार्गी वर येईपर्यंत मी थांबणार नाही. मला माहितीय. मला पोहता येत नाही आणि मी उडी घेणार. मग ती मला काढायला येणार. माझं ओझं तिला झेपायचं नाही."

मी भाजीची टोपली खाली ठेवली.

"सगळं तपासलं मी. शिकवणारे चांगले आहेत, समुद्रही बरा आहे. सगळ्यात मोठा धोका तिथे मीच आहे. आणि धोका आधी काढून टाकायचा, हा आमचा पहिला नियम. हे तिला सांगू नका. घाबरट बाप चालेल तिला, पण हे कळलं तर ती जाणार नाही."

मी शब्द दिला. सनक्रीम मीच निवडून दिलं.

मायलेकी गेल्या. मी सालमियात एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. आमची ड्युटी सकाळ आणि संध्याकाळ अशी तुटक, मधल्या वेळात मी जेवायला घरी येते. एका दुपारी समुद्राकडच्या रस्त्याने येताना मला भाऊजींची गाडी कडेला उभी दिसली. काठावरच्या दगडांपाशी भाऊजी उभे होते, डोक्यावर टोपी नाही, सावली नाही. उन्हाळ्यात भरदुपारी बाहेर काम करायला इथे बंदी असते आणि ती प्लांटवर काटेकोर पाळायला लावणारा माणूस हाच.

मी गाडी थांबवून धावतच गेले. शर्ट पाठीला चिकटलेला, मान लाल झालेली. समोर आमचा आखाती समुद्र ताटासारखा सपाट पडलेला, एक लाट नाही. भाऊजी त्याच्याकडे टक लावून बघत होते. हातातला फोन वाजत होता, शोभाचं नाव दिसत होतं, पण पाण्यावरची नजर काढून ते तो उचलत नव्हते.

"भाऊजी, चक्कर येऊन पडाल. चला गाडीत."

त्यांनी मान वळवली नाही. "थांबा वहिनी," ते म्हणाले, "ती आत आहे."

मग त्यांनी तसंच बघत सांगितलं की रोज पाण्यात शिरताना गार्गी त्यांना एक मेसेज करते आणि बाहेर आल्यावर दुसरा. आणि या दोन मेसेजच्या मधला वेळ, सहलीसाठी घेतलेल्या रजेत, हा माणूस असा इथे उभा असतो.

मला रडू आलं आणि भीतीही वाटली. गार्गीला काही झालं असेल म्हणून शोभा फोन करतेय, असं उगाच मनात येऊन गेलं. फोन थांबला. पुन्हा वाजला. ऊन डोळ्यांत घुसत होतं. मी पर्समधली छत्री काढून त्यांच्या डोक्यावर धरली आणि त्यांच्याबरोबर त्या सपाट पाण्याकडे बघत उभी राहिले.

मग मेसेज आला. ओल्या केसांची गार्गी हसत होती आणि खाली लिहिलं होतं, 'आउट. बाबा, आज उभी राहिले.'

शोभाही हेच सांगायला फोन करत होती. भाऊजींनी तो मेसेज दोनदा वाचला. मग हळूच खालच्या दगडावर बसले आणि म्हणाले, "वहिनी, थोडं पाणी आहे का हो?"