लाल छत्री आणि सतरा डोकी

एका जंगलात (कोणत्या ते विचारू नका, नाव कळलं की तुम्ही सुट्टीत तिथे जाल आणि वेफर्सची पाकिटं टाकून याल) यमुताई नावाची एक साळिंदरीण राहत होती.

यमुताईला काही कमी नव्हतं. बीळ ऐसपैस होतं. कंदमुळं दाराशीच उगवत. नवरा, अनंतराव, अगदी निरुपद्रवी होता. पण मुलांनो, जिथे इतकं सुख असतं तिथे एक जाऊही असते. यमुताईची थोरली जाऊ गोदावरीबाई. आणि गोदावरीबाई युरोपला जाऊन आली होती.

कधी? सात पावसाळ्यांपूर्वी. पण बोलणं ऐकून वाटे, आज सकाळीच उतरली आहे.

जंगलाच्या पाणवठ्यावर एक चपटा खडक होता. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही असेल त्याने संध्याकाळी खडकावर बसायचं आणि बाकीच्यांनी खाली बसून ऐकायचं, अशी तिथली रीत. सात वर्षं त्या खडकावर गोदावरीबाईच बसत होती. पूर आला, वणवा लागला, माकडिणीला जुळं झालं, कशाचं काही नाही. "आम्ही तिकडे होतो ना, तेव्हा..." असं तिने म्हटलं की वाघसुद्धा पंजा गालाखाली घेऊन बसे.

मध्येच ती खाली वाकून विचारी, "आणि यमू, तू गं? तू कुठे गेली होतीस यंदा?"

"पलीकडच्या ओढ्यापर्यंत, जाऊबाई," यमुताई म्हणे. आणि सगळं जंगल खो खो हसे.

साळिंदराला काट्यांचं काय कौतुक! पण ते हसणं मात्र तिला टोचायचं. शेवटी तिने मनाशी ठरवलं. एकदा, फक्त एकदा, आपण त्या खडकावर बसायचं. त्यासाठी युरोपातून एक गोष्ट आणायची. मोठी नको. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं पाहिजे. कारण गोदावरीबाईला आजवर एका सशालाही रडवता आलं नव्हतं.

त्याच वर्षी कोल्ह्याने युरोपची सहल काढली. यमुताईने अनंतरावांना विचारलं नाही, नुसतं सांगितलं. अनंतरावांनी एकच प्रश्न केला: "जेवण धरलंय ना त्यात?"

मग सगळे गेले. समुद्र कसे ओलांडले ते विचारू नका. गोष्टीतले प्राणी वेळेवर पोचतात.

ते शहर फार जुनं होतं. रस्ते दगडी, पूल दगडी, आणि प्रत्येक कोपऱ्यावर एक दगडी राजा. तिथे घर मोडकळीला आलं की पाडत नसत, त्याच्यावर पाटी लावत. संध्याकाळ तर इतकी लांब की सूर्य मावळायचं नाव घेईना. जेवावं की नाही, हेच अनंतरावांना कळेना.

शेवटच्या संध्याकाळी शहराची पायी फेरी होती. पायी म्हणजे पायीच. मैनेलासुद्धा चालायला लावलं. "उडून पाहिलेला इतिहास धरत नाहीत," कोल्हा म्हणाला.

गाईड म्हणून एक घुबडबाई आली. डोळ्यांवर चष्मा, गळ्यात मफलर आणि उंच धरलेली लाल छत्री. तिने सगळ्यांना हेडफोन वाटले.

"मी हळू बोलेन," ती म्हणाली. "पण मी पुढे असले तरी माझा आवाज तुमच्या कानात राहील."

"आणि डोळे कुठे ठेवायचे?" रानडुकराने विचारलं.

"छत्रीवर!" कोल्हा ओरडला. "लाल छत्री सुटली की सहल सुटली. कान बाईंकडे, डोळे छत्रीकडे. स्वतःचं डोकं वापरून कुणी घोटाळा करायचा नाही."

सगळ्यांना हे फार आवडलं. सहलीला माणूस डोक्याला विश्रांती द्यायलाच जातो, मग जनावरांनी काय घोडं मारलंय?

आणि इथेच यमुताईचा घात झाला. साळिंदराचे कान ते केवढेसे! हेडफोन बसेना. तिने तो दाबून बसवला, तर मानेवरचा काटा त्यात घुसला. हेडफोन एकदा कुंई करून कायमचा गप्प झाला.

"अहो, काय म्हणाल्या बाई?" तिने अनंतरावांना विचारलं.

"थांब गं, ऐकू दे."

"अहो, पण काय?"

"कुणीतरी कुणाला तरी मारलं."

"कुणी? का?"

"पुढच्याने. गादीसाठी."

अशी त्यांची फेरी चालली होती. पुलावर अनंतराव म्हणाले, "बुडाली." मनोऱ्याखाली म्हणाले, "जळाला." बुडाली, जळाला एवढ्यावर कुणी खडकावर बसू देतं का? सहल संपत आली होती आणि तिच्या पदरात एकही धड गोष्ट नव्हती.

फिरत फिरत सगळे एका चौकात आले. मधोमध कारंजं. तेवढ्यात पावसाची बारीक सर आली आणि बदकांची दुसरी एक सहल क्वॅक क्वॅक करत मधून आडवी गेली. बदकं गेली तेव्हा घुबडबाई कारंज्याच्या पलीकडे वळली होती. आणि अलीकडे, एका बोळाच्या तोंडाशी, एक म्हातारा मेंढा कांद्यांची पिशवी घेऊन घरी चालला होता.

पाऊस होता म्हणून त्याने छत्री उघडली होती. छत्री लाल होती.

"ती बघा!" कोल्हा म्हणाला. "चला, चला, मागे राहू नका!"

मेंढरामागे मेंढरं जातात हे तुम्हाला माहीतच आहे. इथे मेंढरू एकच होतं. मागे रानडुक्कर, भेकर, तरस, माकडं आणि आपले दोघे.

घुबडबाई चौकातच होती, आणि बोळ होता चौकाला लागून. तेव्हा आवाज कानात खणखणीत येत होता. "हा विजयमार्ग," आवाज म्हणाला. "युद्ध जिंकून राजा इथून आला. वर पताका फडकत होत्या." सगळ्यांनी वर पाहिलं. वर दोरीवर मोजे वाळत होते. माकडांनी मोज्यांचे फोटो काढले.

घुबडाची मान पार पाठीमागे फिरते, हे तुम्ही शाळेत शिकलाच असाल. पण इतिहास सांगणाऱ्याला मागे बघायची गरज वाटत नाही. घुबडबाई बोलत राहिली.

मेंढ्याने आपलं बुटकं दार उघडलं. "या महाद्वारात भलेभले सरदार वाकले," आवाज म्हणाला. सगळे वाकून आत शिरले. "आता राणीचं स्नानगृह. राणी रोज दुधाने न्हायची." मोरीत मेंढ्याने गोधडी साबणात भिजत घातली होती. रानडुकराने फेसात बोट बुडवलं आणि ते भारावून म्हणालं, "अजून आहे!"

मेंढा स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभा राहिला. पिशवी छातीशी धरलेली. "तुम्ही कोण?" तो म्हणाला. पण सगळ्यांच्या कानात इतिहास होता. त्याचं बोलणं ऐकू आलं ते एकट्या यमुताईला. (त्याची भाषा निराळी होती. पण कान मोकळे असले की कळतं सगळं.)

"आम्ही पाहुणे," यमुताई म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

"माझ्याकडे?"

"आता... आलोय खरे."

मेंढा तिच्याकडे बघतच राहिला. "म्हातारी गेल्यापासून माझ्याकडे कुणी आलेलं नाही," तो म्हणाला. "पोस्टमनसुद्धा पत्र दाराखालून सरकवतो. तुम्ही इतके सगळे! आणि ही माकडीण तर माझ्या ताटल्यांचा फोटो काढतेय!" त्याच्या मिशा थरथरल्या. "बसा ना. बसा. कांदे आत्ताच आणलेत. गरम सूप करतो."

यमुताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती अनंतरावांना ढोसून म्हणाली, "अहो, आपण चुकलोय! हे यांचं राहतं घर आहे!"

"शू!" अनंतराव म्हणाले.

ती कोल्ह्याकडे गेली. "कोल्हेदादा, ही छत्री ती नव्हे! हे कांदे आणायला गेले होते!"

"यमुताई," कोल्हा दातओठ खात म्हणाला, "स्वतःचं यंत्र मोडलंत ते मोडलंत, आता दुसऱ्यांचा इतिहास तरी मोडू नका."

इकडे मेंढ्याने चिरायचा लाकडी पाट ओढला, सुरा घेतला आणि तो कांदे चिरायला बसला. पाहुणे भरपूर, तेव्हा कांदेही भरपूर. आणि त्याच क्षणी, मुलांनो, कानात घुबडबाई खोल आवाजात म्हणाली: "याच जागी सतरा निरपराध सरदारांची डोकी उडवली गेली. एकामागून एक."

खच्च, सुरा पडला. खच्च. खच्च.

पहिल्यांदा भेकराच्या डोळ्यांत पाणी आलं. मग माकडांच्या. मग तरसाने, ज्याने उभ्या जन्मात हसण्याखेरीज काही केलं नव्हतं, त्याने हंबरडा फोडला. "अरेरे, सतरा!" अनंतराव मुसमुसत म्हणाले. रानडुक्कर भिंतीवर डोकं आपटू लागलं. सगळ्यांत जास्त मेंढा रडत होता. त्याने तर सुराच धरला होता.

सूप झालं. "जेवण सहलीत धरलेलं आहे," कोल्ह्याने जाहीर केलं, कारण श्रेय घ्यायला तो कधी मागे राहत नसे. सगळ्यांनी दोन दोन वाट्या चापल्या. मग कानात आवाज आला, "आपली फेरी इथे संपली, आभारी आहे," आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेंढ्याला वाटलं, टाळ्या सुपाला आहेत. तो लाजून वाकला.

सगळे निघून गेले. यमुताई एकटीच मागे थांबली. "येते हं," ती म्हणाली. "सूप फार छान होतं." मेंढ्याने पिशवीत उरलेला एक कांदा तिच्या हातावर ठेवला. "रिकाम्या हाताने कसं पाठवू?" तो म्हणाला. यमुताईला खरोखर भरून आलं, आणि तेव्हा कांदा चिरलेलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घुबडबाई हॉटेलात आली ती पिसं पाडूनच. सगळी सहल हरवली होती, आता नोकरी जाणार! पण कोल्हा धावत पुढे आला. "बाई, काय तो पाट! काय तो सुरा! आम्ही सगळे रडलो!"

घुबडबाईने डोळे मिचकावले. एकदा, दोनदा. "हो," ती सावकाश म्हणाली. "तिथे सगळ्यांनाच रडू येतं."

जंगलात परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी यमुताई पाणवठ्यावर गेली आणि गोदावरीबाई यायच्या आत खडकावर चढली. कांदा जवळ होता. जंगल खाली बसलं. सहलीतली मंडळीही बसली. सांगायला तीही आतुर होती, पण यमुताई आधी पोचली होती.

"आम्ही तिकडे होतो ना, तेव्हा," यमुताईने सुरुवात केली. "तेव्हा आम्ही वाट चुकलो. एका म्हाताऱ्या मेंढ्याच्या घरात शिरलो. त्याच्याकडे कुणीच येत नसे. त्याने आम्हाला कांद्याचं सूप दिलं."

"मग?" ससा म्हणाला.

"मग काही नाही. फार छान होतं."

कुणीतरी जांभई दिली. वाघाने पंजा गालाखालून काढला. "छे, छे!" रानडुक्कर खालून ओरडलं. "हिचं यंत्र बंद होतं हो! हिला काय ठाऊक!" आणि गोदावरीबाई, जी एव्हाना येऊन उभी होती, ती गोड हसून म्हणाली, "ऊठ हो यमू, खडक गार असतो. ओढ्यापर्यंतच बरी गं तू."

जंगल हसायला लागणार, एवढ्यात यमुताईने कांदा खडकावर ठेवला. आपल्याच पाठीचा एक काटा उपसला. आणि कांद्यावर हाणला.

"याच जागी," ती खोल आवाजात म्हणाली, "सतरा निरपराध सरदारांची डोकी..."

खच्च. खच्च. वारा तिच्या पाठीमागून खाली वाहत होता.

आधी ससा रडला. मग वाघ रडला आणि आपण रडत नाही आहोत असं दोनदा म्हणाला. आणि सगळ्यांत शेवटी, पदर तोंडाला लावून, गोदावरीबाई ढसाढसा रडली. "तीच गं ती जागा!" ती हुंदके देत म्हणाली. "आम्हीही पाहिली होती! सांगायचा धीर झाला नाही मला, सात वर्षं!"

यमुताई खडकावरून खाली बघत होती. जिंकली होती ती. फक्त मेंढा तेवढा तिच्या गोष्टीतून बाहेर राहिला होता, लाल छत्री घेऊन, आणि ते तिला लागलं. तिने डोळे पुसले. लोकांना वाटलं, सरदारांसाठी.

पुढच्या हंगामात अर्धं जंगल युरोपला गेलं. आता घुबडबाई चौकातून थेट त्या बुटक्या दारात शिरते. दाराला पाटी आहे. मेंढ्याने वाट्या वाढवल्या आहेत आणि मोजे नव्याने धुऊन टांगले आहेत. रोज संध्याकाळी घर भरतं. रोज पाहुणे त्याच्याकडे बघून रडतात. का, ते त्याला अजून कळलेलं नाही. पण आपल्यासाठी एवढं कुणी रडतं, यातच त्याला सुख आहे. शहाण्या मेंढ्याने यापेक्षा जास्त चौकशी करू नये.

तात्पर्य: एकटा वाट चुकला की त्याला वेंधळेपणा म्हणतात. सगळे मिळून चुकले की त्यावर पाटी लावतात. तरीही मुलांनो, नेहमी खरंच बोलावं. फक्त बोलताना हाताशी एक कांदा ठेवावा.