राणी झिमोराचा करवती काठ

कोणत्याही प्रतिष्ठित घराचा कारभार एका न तपासलेल्या विधानावर चालतो. ते तपासायचं नाही, एवढं पथ्य पाळलं की घर तीन-तीन पिढ्या ठाकठीक उभं राहतं. काही घरांत पणजोबांनी वाघ मारलेला असतो. काही घरांत काकांना फर्डं इंग्रजी येतं. (काका हयात असतील तर त्यांच्यापुढे कुणी इंग्रजी बोलत नाही.) नागपुरात पाचपावलीच्या धकात्यांकडे हे विधान पुढीलप्रमाणे होतं: 'महाशून्य' या पिक्चरच्या दुसऱ्या भागात राणी झिमोरा जे नेसली होती, त्याला आपला करवती काठ होता.

'महाशून्य' हा सात भागांचा इंग्रजी पिक्चर. त्यात अंतराळ आहे, सम्राट ड्रोग आहे, पुष्कळ दिवे आहेत आणि ग्रह फुटतात. करवती काठ म्हणजे करवतीच्या दातांसारखा काठ, जो धकात्यांचे पूर्वज उमरेडला आडवं सूत नेणारे तीन धोटे चालवून हातमागावर विणत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं विचारणारा मनुष्य या घरात दुसऱ्यांदा जेवायला बोलावला गेलेला नाही.

विधानाच्या मालक प्रेमलताबाई धकाते, वय वर्षं बहात्तर, शिक्षण तिसरी. (चौथीत बसल्या होत्या, पण मास्तरांचं त्यांच्यापुढे चालेना.) गेल्या पंचेचाळीस वर्षांत त्यांनी हे विधान भाजीत मीठ जास्त झाल्याच्या सर्व प्रकरणांत, सुनेच्या माहेराविषयीच्या चौदा चर्चांत, आणि मुलाला सायन्सला घालायचं की कॉमर्सला या प्रश्नावर निर्णायकपणे वापरलं होतं. युक्तिवाद साधा असे. "आपला काठ आभाळात जाऊन आला, अन तू मले मीठ शिकवून राहिली?" मुलगा संजीव कॉमर्सला गेला आणि आज एका सरकारी कचेरीत सगळ्यांचे अर्ज परत पाठवतो.

आता एक गोष्ट घरात कुणालाच ठाऊक नव्हती, ती इथे सांगून टाकणं भाग आहे. प्रेमलताबाईंनी 'महाशून्य'चा दुसरा भाग पाहिलेलाच नव्हता.

त्या टॉकीजला गेल्या होत्या, हे खरं. तिकीट फाडलं गेलं, हेही खरं. पण दोन वर्षांच्या संजीवनं पहिला ग्रह फुटताच असं भोकाड पसरलं की त्यांनी उरलेला पिक्चर व्हरांड्यात, चिवडेवाल्याच्या शेजारी उभं राहून ऐकला. इंटरव्हलला त्यांचे यजमान महादेवराव बाहेर आले. त्याच आठवड्यात महादेवरावांचा माग मोडला होता. लाकूड चुलीत गेलं होतं आणि सोमवारपासून त्यांना गांधीबागेतल्या एका दुकानात नायलॉन मोजायला जायचं होतं. आठ दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नव्हतं. ते चिवड्याची पुडी हातात घेऊन, मान खाली घालून म्हणाले, "राणीच्या लुगड्याले आपला काठ आहे वं. करवती. मी पाह्यला."

त्यानंतर ते सोमवारी कामावर गेले. प्रेमलताबाईंनी मंगळवारपासून विधान वापरायला सुरुवात केली. महादेवरावांना जाऊनही आता अकरा वर्षं झाली. विधान मात्र अजून कामावर आहे.

तर अशा या सुस्थिर राज्यात नात दामिनीनं अनिश नावाचा मुलगा आणला. घराणं नागपुरातल्याच महाल भागातलं, चार पिढ्या फायलींत गेलेल्या. मुलगा कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. (काय करतो हे त्यानं दोनदा समजावून सांगितलं आणि दोन्ही वेळा चहा आला.) पहिल्याच भेटीत त्यानं झणझणीत सावजी रस्सा डोळ्यांत पाणी न आणता खाल्ला, त्यामुळे वातावरण अनुकूल होतं. मग रिवाजाप्रमाणे प्रेमलताबाईंनी विधान केलं. तो आनंदानं उडालाच.

"आजी, तुम्ही 'महाशून्य'च्या फॅन? मी दुसरा भाग अकरा वेळा पाहिलाय! आणि राणीचा पोशाख तर..."

इथे दामिनीनं त्याच्या पायावर पाय दिला. अनिश थांबला. पण प्रेमलताबाईंनी पाय पाहिला होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना जे दिसायला नको ते विशेष स्पष्ट दिसतं.

"पोशाख तर काय गा?"

"काही नाही, आजी."

"काही नाही काहून? अकरा खेप पाह्यला ना तू? बोल ना."

अनिश बोलला नाही. त्याचं न बोलणं हेच घरातल्या इतिहासातलं सगळ्यात मोठं बोलणं ठरलं. प्रेमलताबाईंनी तिथल्या तिथे शर्ती जाहीर केल्या आणि संजीवनं त्या सवयीनं लिहून घेतल्या:

एक, सातही भाग पुन्हा पाहण्यात येतील. (आता ते घरच्या टीव्हीवर हिंदीत मिळतात.) दोन, उमेदवार प्रत्येक बैठकीला जातीनं हजर राहील. तीन, काठ निघाला तर उमेदवार खोटा, आणि खोट्याच्या घरी मुलगी देण्यात येणार नाही. चार, काठ न निघाल्यास प्रेमलताबाई या घरात यापुढे कोणत्याही विषयावर मत देणार नाहीत.

चौथी शर्त वाचल्यावर घरात काही काळ आशेचं वातावरण होतं. सून अंजू त्या दिवशी स्वयंपाकघरात गुणगुणली, अशी नोंद आहे. गुणगुणली नाही ती एकटी दामिनी. कसंही झालं तरी घरातून कुणीतरी जाणार होतं. एक तर नवरा, नाही तर आजी. आणि मत न देणारी आजी म्हणजे काय वस्तू, हे तिला कल्पनेतही दिसेना.

पुनर्पाहणी रविवारी दुपारी, जेवणं उरकल्यावर सुरू झाली. प्रेमलताबाईंनी पहिल्याच बैठकीत क्रम ठरवला: एक, तीन, चार, पाच, सहा, सात आणि सगळ्यात शेवटी दोन. अनिशच्या चेहऱ्यावर अशी कळा आली, जणू पंगतीत कुणी बुंदीवर रस्सा ओतला असावा.

"आजी, पण मग गोष्ट कळणार कशी?"

"आधी साक्षीदार, मंग आरोपी. तुमच्या महालात काय उलटं करतेत?"

एकूण पिक्चर चौदा तासांचा. आक्षेपांसह तो एकोणतीस तास चालला. आक्षेप १८६ नोंदले गेले, त्यांतले फेटाळले गेले शून्य. अनिशला उत्तर द्यायची पूर्ण मुभा होती. (वेळ नव्हता.) महत्त्वाचे आक्षेप असे. अंतराळयान अकरा वर्षांच्या प्रवासाला निघतं आणि कुणाच्याही हातात डबा नाही. सावनेरला जायचं तरी माणूस दोन दशम्या बांधून घेतो. यानातली यच्चयावत माणसं पांढरे कपडे घालतात, पण सात भागांत वाळत घातलेलं एकही धुणं दिसत नाही. दारं आपोआप उघडतात. मग नको असलेल्या पाहुण्याला दारात उभं करून 'कोण पाहिजे?' विचारण्याची सोय काय? बंदुकीच्या हजारो फैरींपैकी नायकाला एकही लागत नाही, याचा अर्थ सम्राटाच्या फौजेत भरती वशिल्यानं झालेली आहे. (यावर संजीवनं मान डोलावली. त्याला अनुभव होता.) चौथ्या भागात सगळे काचेच्या पेटीत शंभर वर्षं झोपतात. "याच्यात काय नवल? जावई आले का आपल्या घरी हेच चालते."

सगळ्यात कडक आक्षेप सहाव्या आणि सातव्या भागाला मिळून होता. सहाव्यात राणी झिमोरा मरते, सातव्यात चालत येते आणि कुणी काही विचारत नाही.

"तेरवी झाली होती का नाही?"

"आजी, तो पर्यायी काळ आहे. म्हणजे दुसऱ्या एका विश्वात..."

"मी काळाचं नाही विचारून राहिली गा. तेरवी झाली का नाही, तेवढं सांग."

अनिशनं, ज्यानं या विषयावर इंटरनेटवर परदेशी लोकांना गप्प केलं होतं, थोडा विचार केला आणि कबूल केलं की सात भागांत तेरवी कुठेही दाखवलेली नाही. आक्षेप मान्य झाला.

मात्र प्रेमलताबाई नुसत्याच नावं ठेवत होत्या असा कुणी समज करून घेऊ नये. काही बाबी त्यांना पसंत पडल्या. राणी झिमोरा सात भागांत मोजून नऊ वाक्यं बोलते आणि नऊच्या नऊ हुकूम असतात. ही त्यांनी आदर्श गृहिणी मानली. सम्राट ड्रोगच्या घरी सगळे वेळेवर जेवायला येतात, म्हणून त्याच्या बाकीच्या गोष्टींकडे (चार ग्रह) दुर्लक्ष करावं, असं त्यांचं मत पडलं. आणि पाचव्या भागात म्हातारा यंत्रमानव बंद पडताना मालकाला 'नौका सुस्थितीत आहे' असं खोटंच सांगतो, तिथे त्या काहीच बोलल्या नाहीत. आक्षेप नोंदवायला संजीवनं पेन उचललं होतं, ते तसंच राहिलं. अनिशनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा टीव्हीकडे पाहायला लागला.

सातवा रविवार उजाडला. दुसरा भाग. प्रेमलताबाईंनी सकाळपासून तीनदा वीज जाईल असं सांगितलं, एकदा टीव्हीला विश्रांती द्यावी असं सुचवलं, आणि शेवटी ठेवणीतलं करवतकाठी लुगडं नेसून पहिल्या खुर्चीत येऊन बसल्या. पहिला ग्रह फुटला. कुणी रडलं नाही, त्यामुळे उठून बाहेर जाण्याची सोय राहिली नाही.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला राणी झिमोरा पायऱ्या उतरू लागली.

"थांबव," प्रेमलताबाई म्हणाल्या. दामिनीनं चित्र थांबवलं.

पडद्यावर जे दिसलं ते पाचही जणांनी पाहिलं. संजीवनं वहीत तारीख पुन्हा एकदा लिहिली. अंजूनं पदर सावरला आणि तिच्या असं लक्षात आलं की आपण दीड महिना जिची वाट पाहिली ती शांतता आता आली आहे आणि ती फार मोठी आहे. दामिनी कुणाकडेच पाहत नव्हती.

प्रेमलताबाई उठल्या. टीव्हीजवळ गेल्या आणि विणकराच्या घरातलं माणूस कापड पाहतं तसा त्यांनी पडदा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायचा प्रयत्न केला. काच चिमटीत येत नाही. त्यांनी दोनदा करून पाहिलं.

"सुलट बाजू पाहून काठ सांगता येत नाही," त्या पडद्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. "उलटी बाजू पाहा लागते. करवतीचे दात दोन्हीकून सारखे असतेत. उलटी बाजू पाह्यल्याशिवाय मी मानत नाही."

हा मुद्दा शास्त्रशुद्ध होता. विणकामातला कुठलाही जाणकार हेच सांगेल. अडचण एवढीच की राणी झिमोराची उलटी बाजू पाहण्याची तजवीज निर्मात्यांनी केलेली नव्हती.

तेव्हा अनिश उठला. त्यानं टीव्हीचं टेबल भिंतीपासून ओढलं, गुडघे टेकले आणि मान घालून टीव्हीच्या मागे शिरला. तिथे वायरी होत्या, गेल्या दिवाळीपासूनची धूळ होती आणि अंजूची हरवलेली कंगवी होती. अकरा वेळा पिक्चर पाहिलेला, तेरवीपुढेच काय ती हार खाल्लेला तो मुलगा तिथे चांगला एक मिनिटभर राहिला.

"काय दिसते?" प्रेमलताबाईंनी विचारलं.

"दात आहेत, आजी," आतून आवाज आला. "करवती. दोन्हीकडून सारखे."

"निरखून पाह्य. तुह्याच गळ्याशी येते हे."

"निरखूनच पाहिलं, आजी. मीच चुकलो होतो."

दामिनीनं तोंडावर हात दाबून धरला होता. शर्त तीन तिला पाठ होती.

अनिश बाहेर आला. केसांत जाळं, हातात कंगवी, मान खाली. प्रेमलताबाई त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. चिवड्याची पुडी तेवढी नव्हती.

"एक गोष्ट सांगू का गा?" त्या म्हणाल्या. "मान खाली घालून काठ पाहणारा मानूस मी जिंदगीत दुसऱ्यांदा पाहून राहिली." मग आवाज मूळ पदावर आला. "अंजू, उभी काहून? रस्सा गरम कर. अन मीठ पाहूनच टाक वं, काठ आभाळात जाऊन आला आहे आपला."

संजीवच्या वहीत शेवटची नोंद पुढीलप्रमाणे आहे: 'काठ करवतीच असल्याचे उलट बाजूने प्रत्यक्ष पाहणीअंती सिद्ध. उमेदवाराचे मौन चुकीचे ठरल्याने उमेदवार अपात्र. सदर अपात्रता विशेष बाब म्हणून क्षमापित. मुलगी देण्यास हरकत नाही.' खाली पाच सह्या आहेत. पाचवी अनिशची, धुळीच्या बोटांची.

लग्न उन्हाळ्यात झालं. अनिश आता आपल्या ओळखीच्या 'महाशून्य'वाल्या मंडळींत जाऊन काठाबद्दल ठासून सांगतो आणि कुणी वाद घालायला लागलं की तेरवीचा प्रश्न विचारतो.

आता वाचकांविषयी. आपण 'महाशून्य'चा एकही भाग पाहिलेला नाही. त्या पायऱ्यांवर राणी झिमोरा काय नेसून उतरली, हेही या संपूर्ण वृत्तान्तात कुठे सांगितलेलं नाही. हवं तर परत वाचून पाहा. तरी काठ नव्हताच, याबद्दल आपली केव्हाच खात्री झालेली आहे आणि ती आपण उद्या चारचौघांत सांगणारही आहात. सांगा, हरकत नाही. फक्त धकात्यांकडे तुम्हाला पहिल्याच घासाला विचारतील:

उलटी बाजू पाह्यली होती का?