शिट्टीला ओ देणारा फोन

तेलगावच्या अर्जुनरावांनी नवा मोबाइल घेतला तो बोलण्यासाठी नव्हे, ऊस तोडण्यासाठी.

त्यांचा अडीच एकर ऊस शेतात उभा होता आणि उंच तरी किती? त्यात शिरलेलं एक रानडुक्कर वाट चुकून थेट वडवणीच्या बाजारात निघालं, असं लोक शपथेवर सांगत. पण उसाला तुरे आले होते. तुरा आलेला ऊस रोज थोडा थोडा पोकळ होतो, वजनाला मार खातो. आणि तोड मिळणं होतं साखर कारखान्याच्या चिटबॉयच्या, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्याच्या, हातात. हा गहिनीनाथ चिटबॉय गावाची यादी खिशात घालून मोटारसायकलवर हिंडे. तोडणीची टोळी मोकळी झाली की यादीतल्या पहिल्या माणसाला फोन लावी. त्यानं उचलला तर टोळी त्याच्या फडात, नाही उचलला तर पुढचं नाव. यंदा पहिलं नाव अर्जुनरावांचं, दुसरं बांधाला बांध असलेल्या तानाजीचं आणि तिसरं अर्जुनरावांच्या विधवा चुलत भावजयीचं, छबुबाईचं.

गेल्या साली असाच गहिनीनाथचा फोन आला, तेव्हा अर्जुनराव परळीला लग्नात जेवत होते आणि फोन घरी खुंटीवरच्या सदऱ्यात वाजत होता. दोष अर्थातच फोनचा निघाला.

"बटनाचा फोन हाय, कावून ऐकू यील?" अर्जुनराव म्हणाले आणि यंदा तुरा दिसताच त्यांनी साजिदचं मोबाइलचं दुकान गाठलं.

साजिदनं जुन्या फोनातलं सिम काढून नव्यात घातलं, आवाज मोठा केला आणि हात जोडले. "काका, एकच ऐका. ह्याच्यात दुसरं काय बी टाकू नका. फोन आला की हिरवं सरकवायचं. बस."

"येवढंच? मंग येवढी मोठी काच कशाला दिली बे?"

जुना बटणाचा फोन त्यांनी मोठ्या मनानं छबुबाईला दिला. तिचा स्वतःचा फोन शेळीनं चावला होता. "घ्या वहिनी, वापरा. चार दिवस चार्जिंग टिकतं. तसं तुमाला कुनाचा फोन येनार हाय म्हना!"

"ते बी खरंच हाय भाऊजी," छबुबाई म्हणाली आणि फोन कनवटीला लावला.

साजिदचा सल्ला फाट्यावरच्या हॉटेलापर्यंत टिकला. गावात नवा फोन आला की तो नव्या बाळासारखा असतो. प्रत्येकानं मांडीवर घ्यायचा, उलटासुलटा करायचा आणि आपलं काहीतरी त्याला चिकटवायचं. पहिला हात घातला तो फळांचा गाडा लावणाऱ्या रहीमचाचांनी.

"अर्जुनभाऊ, आदी ही गेम घ्या. फळं उडतेत, बोटानं कापायची."

"चाचा, दिसभर फळं इकून मन भरंना व्हय?"

"इकताना एक बी कापू वाटत न्हाई, नुसकान दिसतं. सांजच्याला ह्याच्यात दोनशे कलिंगडं कापतो, तवा जीव गार होतो."

मग शाळेतले आदिनाथ गुरुजी पुढे सरले. गुरुजींचा फोन दिवसातून चारदा हरवे, म्हणून त्यांनी एक अ‍ॅप शोधून काढलं होतं. शिट्टी वाजवली की फोन बाईच्या आवाजात ओरडे, "मी इथं आहे! मी इथं आहे!"

"तुम्हाला तर हे पाहिजेच," गुरुजी म्हणाले. "गेल्या साली हे असतं, तर सदऱ्यातून बोललं असतं."

त्यासाठी परळीहून केवढी शिट्टी मारावी लागली असती, हे कुणी विचारलं नाही. अर्जुनरावांनी मान डोलावली, गुरुजींनी अ‍ॅप टाकलं.

तानाजीनं मात्र आधी चहाचा कप संपवला. कप ठेवून तो म्हणाला, "ह्ये सारी पोराटोरांची कामं. खरं अ‍ॅप माझ्याकडं हाय. नंबर टाकला की समोरच्याला लोकं काय नावानं वळखतेत, ते दावतं. आन जो फसवा मानूस हाय, त्याचा फोन आपल्यापातुर येऊच देत न्हाई."

"मंग आदी तुझाच नंबर टाकू," अर्जुनराव म्हणाले.

टाकला. काचेवर अक्षरं आली: तानाजी बांधकोऱ्या.

हॉटेलातली चहाची किटली तेवढी हसायची राहिली. दरसाल नांगरटीला तानाजी अर्जुनरावांचा बांध वीतभर कोरतो, ही गोष्ट एवढे दिवस गावात होती, आज यंत्रानंही कबूल केली. तानाजीचं तोंड कडू झालं. "आता तुमचा टाका की."

टाकला. आलं: अर्जुनराव फोन उचलत नाही.

"कोन हाय बे ह्यो नाव ठिवनारा?" अर्जुनराव कडाडले.

"एकटा नसंल," तानाजी शांतपणे म्हणाला. "लई लोकांनी ठिवल्याबिगर येत न्हाई ते."

काही का असेना, अ‍ॅप पसंत पडलं. तानाजीनं स्वतःच्या हातानं ते बसवलं, "फसव्यांचे फोन आपोआप बंद" असं जिथं लिहिलं होतं तिथं टिचकी मारली आणि फोन परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जुनरावांच्या घरात त्यांच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, कुकर लावला. पहिली शिट्टी झाली आणि माजघरातून एक तरणीताठी बाई ओरडली, "मी इथं आहे! मी इथं आहे!"

सत्यभामाबाई उलथनं घेऊनच बाहेर आल्या. "कोन हाय ती?"

"फोन हाय ग."

"फोन हाय तर म्हनतो कशाला इथं हाय म्हनून? आमाला दिसना व्हय?" कुकरनं दुसरी शिट्टी दिली. "मी इथं आहे!" सत्यभामाबाईंचा आवाज चढला. "बघा, उत्तर देती! तीस वर्सं झाली मला ह्या घरात, मी कवा एकडाव तरी असं ठासून म्हनले का?"

दुपारी गड्यानं बैलांना पाणी पाजताना शिट्टी घातली, तेव्हा गोठ्यात अर्जुनरावांच्या खिशातून तीच बाई बोलली. बैलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पाण्याला तोंडच लावलं नाही. म्हैस तर दोन दिवस त्या आवाजाची वाट बघूनच पान्हा सोडायची, असं सांगतात. खरंखोटं म्हशीला माहीत.

पण अर्जुनराव फोन हातातून सोडत नव्हते. गहिनीनाथचा फोन कधी येईल याचा नेम नव्हता, आणि नुसतं काचेकडे बघत बसायचं तर हाताला काही चाळा हवा. म्हणून ते फळं कापू लागले. सोमवारी त्यांनी ऐंशी कलिंगडं कापली. मंगळवारी सकाळी ओट्यावर बसले ते दुपारच्या जेवणापर्यंत उठले नाहीत. जेवायला बोलवायला आलेल्या सत्यभामाबाईही मागे उभं राहून, "ते डाळिंब गेलं, ते डाळिंब गेलं," म्हणू लागल्या. त्या दिवशी अर्जुनरावांनी रहीमचाचांचा दोनशेचा आकडा मोडला. फोन एकदाही वाजला नाही.

"ह्यावेळी काय बी चूक न्हाई," बोट चोळत ते म्हणाले. "फोन हातात, डोळा काचंवर. आता गहिनीनाथ कसा निसटतो, बघतोच!"

बुधवारी दिवस चांगला वर आल्यावर ते शेतावर गेले, तर बांधावरच्या वाटेनं रिकामा ट्रॅक्टर चाललेला. त्याच्या मागं मागं जाऊन पाहतात, तर छबुबाईच्या फडात टोळी उतरलेली. कोयते सपासप चाललेले. अर्धा ऊस आडवा, मोळ्या बांधलेल्या. बांधावर गहिनीनाथ डायरीत लिहीत उभा, आणि शेजारी छबुबाई त्याला चहा देत होती.

"गहिन्या!" अर्जुनरावांनी लांबूनच तोंड सोडलं. "यादी फिरवली व्हय रे? पयलं नाव माझं, आन टोळी इथं? काय दिलं रे तुला वहिनीनं?"

"चहा," गहिनीनाथ म्हणाला.

"मला फोन कावून केला न्हाई?"

गहिनीनाथनं आपला फोन काढून समोर धरला. "बघा. कालच्याला तुमाला सात फोन. तानाजीला पाच. एक बी लागला न्हाई. ह्यास्नी एक केला. पयल्या घंटीला 'या की' म्हनाल्या. आता मी काय यादीला पुजत बसू?"

"खोटं! दिसभर फोन माझ्या हातात व्हता! बायकू साक्षीला हाय! सात काय, अर्धी घंटी वाजली न्हाई. मी काय आंधळा हाय का भैरा?"

नेमकी त्याच वेळी फडातून मुकादमानं ट्रॅक्टरवाल्याला शिट्टी घातली, आणि अर्जुनरावांच्या खिशातून खणखणीत आवाज आला, "मी इथं आहे! मी इथं आहे!"

टोळीचे कोयते थांबले. गहिनीनाथनं खिशाकडे पाहिलं, मग अर्जुनरावांच्या तोंडाकडे. "इथंच हायसा, तर मंग उचलत का न्हाई?"

फडभर हसू पसरलं. अर्जुनराव तिथून जे निघाले ते तडक साजिदच्या दुकानात. फोन काउंटरवर आपटण्याइतका संताप होता, पण नवा होता म्हणून हळूच ठेवला आणि फडातली सगळी हकीकत सांगितली.

साजिदनं दोनचार ठिकाणी बोट फिरवलं आणि सुस्कारा टाकला. "काका, ते नाव दावायचं अ‍ॅप कुनी टाकलं? त्यानंच आडवलं. हे बघा, सात फोन. चिटबॉयच्या नंबरावर लाल शिक्का हाय. फसवा मानूस. दोनशे एकोनीस लोकांनी तक्रार केली."

"तानाजी!" अर्जुनराव दात खाऊन म्हणाले. "मुद्दाम केलं त्यानं. तोडीचा नंबर त्याला लागावा म्हनून."

"पर त्याच्या फोनात बी हेच अ‍ॅप हाय ना? त्याला तरी कुठं लागला?"

अर्जुनरावांनी काच पुन्हा एकदा निरखली. साजिद पुढे म्हणाला, "मी इचार करतोय, बिचाऱ्या चिटबॉयवर येवढी तक्रार करायला लोकांना सांगितलं तरी कुनी?"

आणि मग अर्जुनरावांना सगळं आठवलं. गेल्या साली तोड हुकल्यावर ते ह्याच फाट्यावरच्या हॉटेलात बाकड्यावर उभे राहिले होते. ज्याच्या ज्याच्या हातात मोठा फोन दिसला, त्याला आपल्यातर्फे चहा पाजून त्यांनी गहिनीनाथच्या नावापुढं 'फसवा' दाबायला लावलं होतं. पहिलं बटण तानाजीनं दाबलं होतं, अर्जुनरावांनी त्याचं बोट धरून. हॉटेल संपल्यावर ते आठवडी बाजारातही गेले होते. स्वतःच्या कामासाठीही माणूस एवढा जीव लावून क्वचितच झटतो.

"काढून टाकू का अ‍ॅप?" साजिदनं विचारलं.

"समदंच काढ," म्हणता म्हणता अर्जुनराव थांबले. "न्हाई, ऱ्हाऊ दे. माझं सिम तेवढं काढून दे."

छबुबाईच्या अंगणात ते आले तेव्हा ती उसाचे वाढे, म्हणजे हिरवे शेंडे, भाऱ्यात बांधत होती. "म्हशीला न्या भाऊजी, चार भारे तुमचे. गहिनीनाथ सांगत व्हता, चुकलेल्यांची यादी आठ दिवसांनी पुन्यांदा लावनार. तानाजीभाऊ पयले, तुमी दुसरे."

"तानाजी पयला?"

"तुमी गहिनीनाथला काय काय बोलला, म्हनून."

अर्जुनरावांनी घसा खाकरला. "वहिनी, माझा जुना फोन परत देता का? त्याच्या बदल्यात ह्यो नवा ठिवा."

छबुबाईनं कनवटीचा फोन काढला, त्यातलं आपलं सिम काढून घेतलं आणि फोन पुसून पुढं केला. नवा फोन तिनं दोन्ही हातांत घेतला, काचेत आपलं तोंड पाहिलं. "चालंल की. माझा ऊस गेला. आता कुनाचा फोन न्हाई आला तरी काय बिघडतंय? ती फळं कापायची कुठं असतेत, तेवढं दावून जा."

घरी परत येताना अर्जुनरावांनी बटणाच्या फोनात सिम घातलं. ओट्यावर टेकतात न टेकतात तोच फोन वाजला. सदऱ्यातून नव्हे, हातातूनच. झडप घालून उचलला.

"अर्जुनराव, तानाजी बोलतोय. बांधाचा राग सोडा आन एक सांगा. गहिनीनाथ म्हनतो, माझ्या नंबराला फोनच लागत न्हाई. आठ दिवसांनी माझी पाळी हाय. काय करावं? अ‍ॅपचा काय घोटाळा आसंल का? का साधा बटनाचाच फोन घ्यावा?"

अर्जुनरावांनी क्षणभर समोर पाहिलं. लांब बांधापलीकडं त्यांच्या उसाचे पांढरे तुरे वाऱ्यावर डुलत होते, आणि त्यांच्या शेजारी तानाजीचे.

"छ्या! बटनाचा कशाला घेतो बे?" ते अगदी मायेनं म्हणाले. "आसं येड्यावानी करू नको. तुझं ते अ‍ॅप तर मुळीच काढू नको, लई कामाचं हाय. वरनं अजून एक सांगतो, ते तेवढं टाकून घे. शिट्टी मारली की फोन ओ देतो."