चूक घोड्याची नव्हती

जे बायकोलाही कधी सांगितलं नाही, ते आज लिहून टाकतो. जळगावच्या आमच्या बागेतल्या शर्यतीच्या चक्रावरचा सहा नंबरचा घोडा सोळा वर्षांपूर्वी निखळला आणि एका बाईंचं मनगट मोडलं, ते माझ्यामुळे. त्या घोड्याचा नट मी सैल केला होता. दोष सुपडूआबा मिस्त्रींच्या माथी गेला आणि मी तो जाऊ दिला. आता ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे.

पण माझं राहू द्या. आधी सुपडूआबा बघा.

आबा मूळचे शिंदखेड्याचे. डोक्यावर टोपी, अंगात बंडी आणि बंडीच्या खिशात कायम एक पाना. जगातला प्रत्येक नट कुणीतरी ढिला सोडलेला आहे, असं त्यांचं ठाम मत. हॉटेलात गेले की आधी टेबलाखाली वाकतात, मग चहा सांगतात. एकदा असोद्याच्या बसमध्ये त्यांनी चालत्या गाडीत पुढचं बाकडं आवळायला घेतलं. कंडक्टर ओरडला, "ओ आबा, गाडी सरकारी आहे!"

आबा खालूनच म्हणाले, "म्हनीसन ते ढिली शे." म्हणूनच तर ढिली आहे.

केस कापायला गेले, तेव्हा तर कहर झाला. शेजारच्या गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झालेली असताना आबांनी त्याच्या खुर्चीचा मधला नट असा काही आवळला की खुर्ची फिरायचीच थांबली. उरलेली दाढी न्हाव्याला गिऱ्हाइकाभोवती प्रदक्षिणा घालत करावी लागली. तो वैतागून म्हणाला, "आबा, घट्ट झालं होतं ना? मग पुन्हा कशाला?"

"आखो दोन आटा," आबा म्हणाले. अजून दोन आटे. हा त्यांचा मंत्र. लग्नात, दवाखान्यात, कुणाच्या दारावर सांत्वनाला गेले तरी कडी हलवून बघणार आणि पुटपुटणार, "आखो दोन आटा."

सगळं गाव हसतं. मीही हसतो. पण पूर्वी आबा असे नव्हते, हे मला माहीत आहे. पूर्वी ते नट एकदा आवळायचे, फडक्याला हात पुसायचे आणि विडी पेटवायचे.

आता ते चक्र. साधं गोल फिरणारं चक्र नव्हे. सागवानी आठ घोडे, आणि प्रत्येकाच्या पायाखाली लांब खाच. चक्र फिरू लागलं की घोडे आपापल्या खाचेत पुढेमागे सरकायचे. घंटा वाजेल तेव्हा जो पुढे तो जिंकला. कोण जिंकेल ते चालवणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. कुठल्याशा जुन्या जत्रेवाल्याकडून ते बागेत आलं, तेव्हापासून आबाच त्याचे मिस्त्री. घोड्यांना नंबर होते, पण आबांनी त्यांना सासरची नावं दिली होती. एक नंबर सासरा, कारण तो जागचा हलायला तयार नसायचा. दोन नंबर साडू, नुसता दिमाख. चार नंबर मेव्हणा, घंटा वाजत आली की अचानक जागा होणारा. शर्यत संपली की भोंग्यावरून आबांचा आवाज बागभर जायचा, "साडू जिंकना!" आणि पोरं सोडून बायकाच जास्त हसायच्या.

सहा नंबर तेवढी माहेरची. पांढरी घोडी, निळं खोगीर. तिचं नाव अक्का. आई गेल्यावर आबांना ज्या थोरल्या बहिणीने वाढवलं, तिचं.

मी तेव्हा बागेच्या ऑफिसात नवा कारकून. माझी मुलगी चार वर्षांची. तिला फक्त अक्कावरच बसायचं असायचं, आणि अक्का कधी म्हणजे कधी जिंकायची नाही. मुलीच्या वाढदिवसाला मी दुपारी फळ्यांखाली शिरलो. खाचेच्या टोकाला घोड्याला अडवणारा एक नट असतो, तो सैल केला की घोडा थोडा जास्त पुढे जातो. हे मला आबांनीच हौसेने दाखवलं होतं. संध्याकाळी अक्का जिंकली. मुलीने टाळ्या पिटल्या. भोंग्यावर आबांचा आवाज चिरकला, "अक्का जिंकनी! मन्ही अक्का जिंकनी!" त्या आनंदात नट पुन्हा आवळायचं मी विसरलो. दुसऱ्याच दिवशी, रविवारच्या गर्दीत, अक्का खाचेतून बाहेर आली.

चौकशी झाली. आबांनी वाद घातला नाही. "मन्हा हाततून ऱ्हायनं व्हई," एवढंच बोलले. माझ्या हातून राहिलं असेल. त्यांना कामावरून काढलं, चक्राला ताडपत्री घातली. मी त्यांना शिंदखेड्याच्या गाडीसाठी बसस्टँडवर सोडायला गेलो. माझी नोकरी कच्ची होती, हे कारण तेव्हा मला पुरलं. ते पुढे सोळा वर्षं पुरेल असं वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी बागेवर नवी समिती आली. त्यांना तिथे हवा भरलेला रबरी किल्ला हवा होता. चक्राचं लाकूड जळाऊ म्हणून काढायचं ठरलं. आबांना कुठून कळलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र्याची पेटी घेऊन ते ताडपत्रीखाली बसलेले. वखारवाला हातगाडी घेऊन आला तर त्याला म्हणाले, "हाई लाकूड नही भाऊ, हाई मन्हं सासर शे. हात लावी देख!"

वखारवाला परत गेला. समितीच्या अध्यक्ष मॅडम आल्या, त्यांनाही आबांनी पेटीवर बसवून घेतलं (आधी पेटीची बिजागरी तपासून). "सहा महिना द्या. नही फिरनं ते माले बी त्याच हातगाडीवर टाका." मॅडम हसल्या आणि मुदत देऊन गेल्या.

मग कामाला जोर आला. रंगाला शकूरभाई पेंटर. साऱ्या शहराच्या दुकानांच्या पाट्या रंगवून हात बसलेला माणूस, पण आबांसमोर त्याचं काही चालेना. सहा थर जुना रंग खरवडल्यावर खालचं सागवान उजेडात आलं. वाळवी लागलेले पाय आबांनी नवे घडवले. शकूरभाईंनी सासऱ्याला सोनेरी लगाम काढला तर आबा भडकले.

"इतला शौक करू नको त्याना! त्यानी माले लग्नात अंगठी बी नही दिधी!"

"आबा, घोडा आहे तो."

"तुले काय ठाऊक, घोडा शे का सासरा!"

सगळे घोडे शकूरभाईंनी रंगवले. अक्का मात्र आबांनी स्वतः रंगवली, पाठ फिरवून, कुणाशी न बोलता.

चक्र तयार झालं आणि समितीची बैठक बसली. मी इतिवृत्त लिहायला. समितीचे इंजिनिअर म्हणाले, चक्र फिरू दे, पण घोडे वेल्डिंग करून पक्के करा. शर्यत नको, त्या यंत्रानेच अपघात झाला होता.

आबा उभे राहिले. "घोडास्ले बांधी ठेवशात, मंग घोडा कसाले म्हनतस? खुर्च्या म्हना!"

"आबा, यंत्रात दोष आहे. पुन्हा काही झालं तर?" मॅडम शांतपणे म्हणाल्या.

"यंत्रमा दोष नही." आबांनी खिशातला पाना काढून टेबलावर ठेवला. "दोष मन्हा शे. नट मी आवळा नही. ल्या, लिखा." मग माझ्याकडे वळले. "लिखा भाऊ. चूक सुपडू मिस्तरीनी. घोडानी नही."

खोलीत सगळे माझ्या पेनाकडे बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं. शर्यत वाचली असती आणि आबाही वाचले असते. मी मान खाली घातली आणि लिहिलं. अक्षर चांगलं आहे माझं, सुवाच्य.

शर्यतीला परवानगी मिळाली. अट एकच : चूक मान्य केलेल्या मिस्त्रींनी यंत्राला हात लावायचा नाही. "चालई," आबा म्हणाले, आणि खरंच खूश होऊन शकूरभाईंना जिलबी खायला घेऊन गेले.

पहिल्या दिवशी नवा ऑपरेटर आत, आबा कठड्याबाहेर. चक्र फिरायच्या आधी पन्नाशीच्या एक बाई पुढे आल्या आणि सरळ अक्कावर बसल्या. आबांच्या हातात त्यांची पर्स आणि चपला. चक्र सुरू झालं तसे आबांनी डोळे मिटून घेतले, ते थांबेपर्यंत उघडले नाहीत. मेव्हणा जिंकला. अक्का पाचवी.

बाई उतरल्या. मी ओळख विचारली. भुसावळच्या, रेल्वे कॉलनीतल्या. मनगट मोडलं होतं त्या ह्याच.

"आबा सोळा वर्षं माझ्या घरी येतात हो," त्या हळूच म्हणाल्या. "दर दिवाळीनंतर. केळी आणतात, ओट्यावर बसतात, माझा हात वळवून बघतात. मी म्हणते, आबा, हात कधीच बरा झाला. तर म्हणतात, 'तुना व्हयना बाई, मन्हा नही व्हयना.' त्यांना जायला दुसरं घरही नाही वाटतं. ह्या वेळी मीच म्हटलं, चला, मी बसून दाखवते तुमच्या घोडीवर."

आबा तिकडे वाकून त्यांच्या चपला नीट जोडीने मांडत होते.

मी त्या दिवशीही बोललो नाही. हे लिहिलं, पण आबांना वाचता येत नाही, त्यामुळे लिहिल्याने काही फिटलेलं नाही. शिंदखेड्याला जाऊन मला त्यांना समोर बसून सांगायचं आहे की आबा, तुम्ही तो नट घट्ट आवळला होता. मग भुसावळला त्या बाईंना सांगायचं आहे. आणि समितीपुढे इतिवृत्तातलं त्यांचं नाव खोडून तिथे माझं लिहायचं आहे. ही तिन्ही कामं माझ्याकडून अजून व्हायची आहेत.