राउंडअबाउटवरचे लिमये

आमचे शेजारी शशिकांत लिमये सुपरमार्केटमध्ये ट्रॉली ढकलतानाही समोरचे धोके मोठ्याने जाहीर करतात. "डावीकडून लहान मूल. पुढे ओली फरशी. उजवीकडे बाई, हातात फोन, लक्ष नाही." बोलतात स्वतःशीच, पण खणखणीत मराठीत. ती फोनवाली बाई मी होते. फ्लॅट बुश या उपनगरात राहायला येऊन मला आठवडाही झाला नव्हता, आणि आमची ओळख झाली ती अशी.

या सवयीचं मूळ मी पुढे शोधून काढलं. मला माणसांबद्दल कुतूहल आहे. नवरा त्याला भोचकपणा म्हणतो. लिमये पुण्याहून या देशात आले तेव्हा त्यांना ड्रायव्हिंगची परीक्षा नव्याने द्यावी लागली, आणि त्या परीक्षेत गाडी चालवताना दिसतील ते धोके बोलून दाखवायचे असतात. लिमये पहिल्या फटक्यात पास झाले. मग ज्यावर पास झालो ते बंद कशाला करायचं, असा त्यांचा हिशेब. त्यांचा जन्म पंपांच्या कारखान्यात क्वालिटी तपासण्यात गेलेला. गाडीत बसण्याआधी चारही टायरना हात लावून बघतात. जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून कोणी गाडी चालवायला निघालं तर त्याला घरात परत पाठवून बूट घालायला लावतात. माझ्या नवऱ्यालासुद्धा पाठवलं होतं.

मुग्धा ही त्यांची एकुलती एक मुलगी. नऊ वर्षांची असताना इथे आली, आता तेवीस पूर्ण. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. आई चार वर्षांपूर्वी आजारपणात गेली, तेव्हापासून ते उत्तरही एका शब्दावर आलं होतं. युनिव्हर्सिटीत होती तोवर ट्रेनने जायची, त्यामुळे गाडीचं काही अडलं नाही. मग सहा तासांवरच्या पामर्स्टन नॉर्थला गवतावर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली. रोज वेगवेगळ्या शेतांवर जाऊन मातीचे नमुने आणायचे. त्यामुळे अट एकच होती, रुजू होण्याआधी एकटीने गाडी चालवायचं लायसन्स हवं.

झालं, लिमयांनी शिकवणी सुरू केली. रोज संध्याकाळी सहाला गाडीच्या मागेपुढे पिवळी एलची पाटी लागायची. मुग्धा स्टिअरिंगवर, शेजारी लिमये. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसतं. मानुकाऊ स्टेशनपर्यंत जाऊन परत यायला फार तर अर्धा तास लागतो. यांना सव्वा तास लागायचा. मला वाटायचं, पार्किंग शिकवत असतील.

ते पार्किंग नव्हतं. एकदा मीच त्यांच्या मागे अडकले, तेव्हा कळलं. आमच्या कोपऱ्यावरच्या राउंडअबाउटला, म्हणजे मधे गोल बेट असलेल्या चौकात, ते दोघं उभे होते. नियम साधा आहे, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. उजवीकडून कोणीही येत नव्हतं. तरी गाडी ढिम्म. माझ्या मागच्या यूटवाल्याने, म्हणजे उघड्या हौद्याच्या गाडीवाल्याने, हॉर्न दिला. इथे हॉर्न म्हणजे जवळजवळ शिवीच. लिमयांनी खिडकीतून हात बाहेर काढून शांतपणे हलवला. नंतर मी विचारलं तर म्हणाले, "आपलं काही अडलंय का, वहिनी?" हे त्यांचं आवडतं वाक्य. बँकेत, डेअरीत दुधाच्या रांगेत, सगळीकडे तेच.

पुढे जे व्हायचं तेच झालं. परीक्षेत मुग्धा दोन राउंडअबाउटवर उभी राहिली ती उभीच राहिली. परीक्षक भला माणूस होता. किया ओरा असा इथला नमस्कार करून हसला, पार्किंगचं कौतुक केलं, आणि वाट मोकळी असतानाही गाडी हलत नाही म्हणून तिला नापास केलं.

लिमयांनी पेढे आदल्या दिवशीच आणून ठेवले होते. आता ते वाटावेत की नाही? कोणीही वाटले नसते. लिमये म्हणाले, खव्याचे आहेत, राहायचे नाहीत. आणि "मुग्धाच्या परीक्षेचे" एवढंच सांगून सगळ्या गल्लीत वाटून आले. निकाल कोणी विचारला नाही, कारण पेढे हातात आल्यावर निकाल कोण विचारतो? संध्याकाळी समोरच्या सामोअन आजी केळ्याचा केक घेऊन मुग्धाचं अभिनंदन करायला हजर. मुग्धाने केक घेतला, थँक यू म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं ते दुसऱ्या दिवशी उघडलं.

पुढच्या परीक्षेची तारीख मिळाली ती रुजू व्हायच्या बरोबर आठ दिवस आधीची. म्हणजे आता नापास झाली की नोकरी गेली. लिमये कामाला लागले. रविवारी त्या दोघांना मी जेवायला बोलावलं, तर आमटीच्या वाटीचं राउंडअबाउट करून त्यांनी टेबलावर चमच्यांची वाहतूक सुरू केली. माझा चमचा उजवीकडून, माझ्या नवऱ्याचा समोरून, आणि मुग्धाचा कडेला थांबलेला. आमचे दोन्ही चमचे वाटीला वळसा घालून कधीच निघून गेले. तिचा चमचा लिमयांनी बोटाखाली दाबून धरला होता.

"बाबा, there's nobody there," मुग्धा म्हणाली.

"असू दे. नीट बघ अजून."

मला ते खटकलं. इतका काटेकोर माणूस, मुलगी कशात नापास झाली हे कागदावर लिहून मिळालेलं, आणि तरी तीच चूक पुन्हा शिकवतोय?

त्याच आठवड्यात सकाळी कामाला निघाले, तर पुढे लिमयांची गाडी. एकटेच होते. तेच राउंडअबाउट आलं. मी सवयीने ब्रेकवर पाय ठेवला, आणि लिमये उजवीकडे एक नजर टाकून सर्रकन निघूनसुद्धा गेले. मोटरवेपर्यंत मी त्यांना गाठू शकले नाही.

आता गप्प बसणं मला शक्य नव्हतं. संध्याकाळी ते पत्रपेटीशी दिसले तशी मी चपला अडकवून बाहेर गेले आणि सरळ विचारलं. तुम्ही एकटे असताना थांबत नाही, मग तिला का थांबवता?

लिमये हातातली पत्रं उलटसुलट करत राहिले. मला वाटलं, आता काही नियम सांगतील.

"वहिनी, घरात ती माझ्याशी बोलत नाही," ते म्हणाले. "गाडीत बोलते. तेही गाडी चालू असताना नाही, तेव्हा सगळं लक्ष रस्त्यावर असतं. थांबली की बोलते. समोर बघत, मराठीत. एकदा आईच्या हातच्या थालिपिठाचं बोलली. चार वर्षांत पहिल्यांदा तिने आईचं नाव काढलं. मग मी म्हणालो, थांब अजून जरा."

ते पुढे म्हणाले, "एलची पाटी आहे तोवर शेजारी कोणीतरी बसायलाच लागतं, कायदाच आहे तसा. मला ते बरं वाटायला लागलं होतं. तिची नोकरी यात जाईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." आणि मग जे म्हणाले ते त्यांना किती जड गेलं असेल हे मला दिसत होतं. "उद्यापासून तुम्ही बसाल का तिच्या शेजारी? मी बसलो तर पुन्हा थांबवीन."

मी बसले. तीन आठवडे, रोज सहाला. लिमये दारात उभे राहून आम्हाला जाताना बघायचे आणि परत येईपर्यंत बागेत काहीतरी खुडत राहायचे. मुग्धा चांगली चालवत होती. सुरुवातीला राउंडअबाउटवर तिचा पाय अडखळायचा, मी म्हणायचे, निघ. चौथ्या दिवसापासून म्हणावं लागलं नाही.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तिने गाडी घराजवळ आणून इंजिन बंद केलं, पण उतरली नाही.

"काकू, बाबांनी तुम्हाला सांगितलं ना, आम्ही का थांबायचो ते?"

मी हो म्हणाले. खोटं काय बोलायचं?

"I knew, काकू. रस्ता मोकळा आहे हे मलाही दिसायचं. मीच थांबायचे. घरात आईचं बोललं की बाबा उठून आत जातात. गाडीत सीट बेल्ट असतो ना, कुठे जाणार?" ती जराशी हसली. "त्या दिवशी टेस्टमध्ये पण सवयीने थांबले, बाबांना काहीतरी सांगायला. शेजारी बघितलं तर तो टेस्टर."

दुसऱ्या दिवशी ती पास झाली. पुढच्या शनिवारी सकाळी आईची शिवणाची मशीन मागच्या सीटवर ठेवून एकटी पामर्स्टन नॉर्थला गेली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी लिमये फुटपाथवर उभेच होते. मग मी जाऊन तिचं बोलणं त्यांना शब्दन् शब्द सांगितलं. तिने मला तसं करू नका म्हणून सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

लिमये खाली बघत ऐकत होते. माझं सांगून झाल्यावर म्हणाले, "ऐकू आलं नाही नीट. पुन्हा सांगता का?"

त्यांना ऐकू आलं होतं. मी पुन्हा सांगितलं.