सिस्टरची बारी

नाव कळल्याशिवाय सिस्टर कोणाला हात लावत नसत. नाडी बघायची असो की टाका घालायचा असो, आधी नाव. एकदा कापसाच्या ट्रकवरचा क्लीनर वरून पडला. लोकांनी त्याला बेशुद्धच उचलून आमच्या बेला गावच्या दवाखान्यात आणलं. डोक्यातून रक्त वाहतंय आणि सिस्टर हातात कापूस धरून गर्दीला विचारतायत, "याचं नाव काय? कोनाले म्हाईत हाय?"

कोणालाच माहीत नव्हतं.

"बरं. मंग तोवर हा गणपत," असं म्हणून त्यांनी जखम धुवायला घेतली. शुद्धीवर आल्यावर तो पंजाबकडचा जसवंत निघाला. पण पुढं कधी ट्रक या बाजूला आला की पठ्ठ्या फाटकातून ओरडायचा, "सिस्टरजी, गणपत आया!"

सिस्टरांचं स्वतःचं नाव कमल. ते गावात कोणी घेत नसे. त्यांचा सख्खा मोठा भाऊसुद्धा "आमची सिस्टर" म्हणायचा. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. रिटायर झाल्या तरी सकाळी नऊला खळ केलेली पांढरी साडी, खांद्याला उलटं टाचलेलं घड्याळ. राग आला की हवेत थर्मामीटर झटकल्यासारखा हात झटकत. मराठी, तेलुगू, गोंडी तिन्ही भाषांत त्या बायांना दम देऊ शकत. "कळ आल्यावर समद्या बाया एकाच भाषेत ओरडतात," असं त्यांचं म्हणणं. मी जन्मलो तेव्हा माझ्या पाठीत पहिली चापट त्यांनीच मारली होती, हे त्या आठवड्यातून एकदा तरी मला ऐकवत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी-शेवटी हैदराबादच्या माझ्या मेहुण्यानं त्याचा जुना कॉम्प्युटर मला दिला. मी शाळेत मास्तर. प्रश्नपत्रिका काढीन म्हटलं होतं. पण त्यात कोणीतरी ठेवलेला एक खेळ सापडला. चौकोनाचौकोनांचं रान, मधून नदी, एका बाजूला आपले चार-पाच शिपाई आणि दुसऱ्या बाजूला राक्षस. आपण एकेक शिपाई चालवायचा, मग राक्षस चालणार, मग पुन्हा आपण. मला त्याचा नाद लागला आणि प्रश्नपत्रिका हातानंच लिहिल्या जाऊ लागल्या.

एका दुपारी सिस्टर लोणच्याची वाटी द्यायला आल्या आणि माझ्या मागं उभ्या राहिल्या.

"हे समदे उभे काऊन हायेत?"

"तुमची वाट पाहून राह्यले, सिस्टर."

"अन् समोरचे?"

"ते बी."

"मंग भांडन कशाचं हाय?"

मी माउस त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "घ्या, आता तुमची पाळी."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "माही पाळी बंद होऊन दहा वर्षं झाली, मास्तर."

त्या दिवसापासून आमच्या घरात त्या खेळापुरता 'बारी' हा शब्द ठरला.

सिस्टर बसल्या. अर्थातच आधी नावं. घोडेस्वाराचं मारोती, तिरंदाजाचं लक्ष्मण, भाला घेतलेल्या जाड्याचं पोशट्टी. त्या टोळीत एक पांढऱ्या झग्यातली बाई होती. तिनं काठी उगारली की जखमी माणूस बरा होई. तिचं काय नाव ठेवायचं, मी विचारलं.

"इले नाव कायले पाहिजे? सिस्टर म्हन."

त्यांना तो खेळ शेवटपर्यंत नीट कळला नाही. मी समजावून सांगितलं की त्यांचा गोंधळ वाढायचा, आणि त्यांनी प्रश्न विचारले की माझा. राक्षस दिसला की मारायचा, हे त्यांच्या पचनी पडेना. एका राक्षसाला एकच डोळा होता. "जन्मापासून हाय का मोतीबिंदू झाला?" पोशट्टीनं त्याला भाला मारला, तर ह्यांनी लगेच पांढऱ्या बाईला राक्षसाकडे पाठवलं आणि काठी उगारायला लावली. कॉम्प्युटर टुंग वाजला आणि काही झालं नाही.

"काऊन नाई लागू पडून राह्यलं?"

"तो दुश्मन हाय, सिस्टर. त्याले नाई देता येत."

हात हवेत झटकला गेला. "म्हंजे पक्ष पाहून औषध देते ही? कोन्या शाळेत शिकली?"

तरी त्या रोज दुपारी येऊ लागल्या. जिंकण्यात त्यांना काडीचा रस नव्हता. कोणाला खरचटलं की पांढरी बाई धावायची, एवढाच त्यांचा खेळ. माझी बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "काय सिस्टर, आज कोन ॲडमिट हाय?" आणि त्या पडद्यावरची नजर न काढता सांगायच्या, "पोशट्टी. पन धोका नाई."

सहाव्या की सातव्या दुपारी मात्र ते झालं. मारोती नदीच्या अलीकडे, लक्ष्मण पलीकडे. दोघांच्या डोक्यावरची लाल रेघ संपत आलेली. पांढरी बाई मधे पुलावर.

"दोघाइले द्याचं हाय," सिस्टर म्हणाल्या.

"एका बारीला एकालाच देता येते."

"अन् दुसऱ्याचं?"

"तो टिकला तर टिकला."

त्यांनी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मला वाटलं डोळे दुखले असतील. मग पडद्याकडे बघतच बोलायला लागल्या, दवाखान्यात केस सांगतात तशा सुरात.

"भादवा होता. नाल्याले पानी. भर दुपारी दोन मानसं एकाच वक्ताले मले बोलवाले आले. एक अलीकडच्या तांड्यातून, एक पलीकडच्या गोंडाइच्या गुड्यातून. दोघाइच्याबी बायकाइचं पयलंच बाळंतपन. मी तांड्यात गेली. जवळ होता म्हनून. तिथची मोकळी झाली, मंग नाला उतरून गुड्यात गेली. पोरगी रडून राह्यली होती. माय नव्हती. त्या मायचं नाव इचाराचं राहून गेलं होतं, मास्तर. घाईत. नंतर इचारलं. जंगूबाई."

माणूस गडबडला की हाताशी असेल ते करतो, तसं मी म्हणालो, "सिस्टर, यात मागं जाता येते. खेळ साठवलेला असते. पुन्हा तिथूनच सुरू करता येते."

"मागं?"

"हो. कितीबी वेळा."

मी दाखवलं. त्यांनी लक्ष्मणाला आधी औषध दिलं. मारोती पडला. मागं गेल्या. मारोतीला दिलं, लक्ष्मण पडला. मागं गेल्या. पोशट्टीला राक्षसाच्या आडवं उभं केलं, दोघांना पुलाकडे पळवलं, बाईला आधीच पलीकडे नेलं. प्रत्येक वेळी एक वाचे आणि एक पडे. मी बाजूच्या स्टुलावर बसून होतो. दोन वेळा बायको दारात येऊन, आमच्याकडे पाहून परत गेली. उन्हं खिडकीतून उतरून अंगणात गेली, तरी सिस्टर मागं जातच होत्या.

मारोतीच्या घोड्याच्या खोगिरात औषधाची एक बाटली होती. त्याच्या नावावर दोनदा टिचकी मारली की ती पिशवी उघडे. तो आपल्या बारीला स्वतःच ती पिऊ शकत होता. मग पांढरी बाई लक्ष्मणाकडे जायला मोकळी. मी तो डाव तीनदा तसाच, दोघांनाही वाचवून, काढला होता. माझा हात माउसकडे जायला निघालाही होता.

तेवढ्यात सिस्टर मागे रेलल्या. चष्मा काढून पदरानं पुसला.

"नाईच होत, मास्तर," त्या म्हणाल्या. "कसंबी केलं तरी नाई होत."

आवाजात दुःख नव्हतं. भरलेली घागर डोक्यावरून खाली ठेवताना बाया सोडतात, तसा श्वास होता तो.

"होतच नव्हतं मंग," त्या पुन्हा म्हणाल्या, या वेळी माझ्याकडे पाहून. "का होते?"

मी पडद्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"नाई होत, सिस्टर," मी म्हणालो.